घोड्याच्या लीदेची टेस्ट करून घेतली, अनुभव सांगते

आमची घोडी एकदम ठणठणीत, खाणंपिणं मस्त, पण मागे ऑपरेशनसाठी दवाखान्यात राहून आली होती आणि अँटिबायोटिकचा कोर्सपण झाला होता म्हणून डॉक्टर म्हणाले औषधाला न जुमानणारे जंतू आहेत का ते बघायला एकदा लीद तपासून घ्या. लॅबवाले ताजी लीद स्वच्छ डबीत घालून थंड ठेवून आणा म्हणाले, तेवढंच काम. सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक घातलेल्या मॅककॉंकी प्लेटवर (आतड्यातले जंतू वाढवायची बशी) त्यांनी नमुना लावला, म्हणजे साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारेच वाढतात. दुसऱ्या दिवशी बोलावून प्लेट दाखवली, गुलाबी गुलाबी ठिपके भरलेले, बघून पोटात गोळाच आला!! ई. कोलाय हा आतड्यातला जंतूच निघाला, तोही ईएसबीएलवाला, म्हणजे पेनिसिलिन, सेफोटॅक्सिमसारखी औषधं निकामी करणारं एन्झाइम बनवणारा.

मला सगळ्यात आवडलं ते तिथल्या मॅडमचं समजावणं. घोडी आजारी नाहीये, नुसती जंतू बाळगून आहे, त्यामुळे आता अँटिबायोटिक अजिबात द्यायचं नाही, दिलं तर चांगले जंतू मरून हेच माजतील आणि घोड्यांना त्याने जीवघेणे जुलाबपण लागू शकतात. शिवाय रेझिस्टन्सचे (औषधाला न जुमानण्याचे) जीन्स प्लाझमिडवरून, म्हणजे जंतूंमधल्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांवरून, दुसऱ्या जंतूंकडेही जातात, म्हणून लीद काढल्यावर हात साबणाने धुवायचे, बादल्या वेगळ्या ठेवायच्या.

रिपोर्ट मात्र नुसता एस (औषध लागू पडतं) आणि आर (लागू पडत नाही) अक्षरांचा तक्ता, समजावणारी एक ओळ नाही, हे सुधाराच प्लीज. तरी पाचपैकी चार स्टार, दवाखान्यातून घोडा परत आणलेल्यांनी जरूर करून घ्या.