पायोनियर डीडीजे-एफएलएक्स४: यंत्र झकास, पण मागची ती दोन भोकं सांभाळा

हळदीला वाजवायला, सोसायटीच्या गरब्याला किंवा नुसतं घरी शिकायला पहिला डीजे कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताने मिसळायचं यंत्र) हवा असं सांगितलं की दुकानदार हमखास डीडीजे-एफएलएक्स४चं खोकं काढतो. २०१८ सालच्या डीडीजे-४००ची जागा घ्यायला पायोनियर डीजेने हा २०२२च्या शेवटी आणला. दुकानदाराचं फारसं चुकत नाही. दोन चॅनलवर, म्हणजे एका वेळी दोन गाण्यांवर, हात बसवायचा असेल तर या पट्ट्यात याच्याइतकं सरळ यंत्र सापडणं अवघड आहे. तक्रार आहे ती मागच्या बाजूची, आणि मंडपात साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत तार ओढायची वेळ आली की ती कळते.

समोरची बाजू पटकन उरकू. मांडणी क्लबातल्या सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सरसारखी आहे: मधे ट्रिम (गाण्याची मूळ पातळी), हाय, मिड, लो, त्याखाली फिल्टरचा नॉब, दोन्हीकडे जॉग (फिरती चकती) आणि आठ-आठ पॅड (बोटाने दाबायची बटणं). इथे सवय झालेला हात उद्या क्लबातल्या मोठ्या सेटवर गेला तरी गोंधळत नाही. वजन दोन किलोच्या थोडं वर, वीज यूएसबीतूनच. जॉगच्या माथ्याला बोट लावलं की गाणं थांबतं, कडेने ढकललं की किंचित पुढेमागे सरकतं. प्लॅस्टिक हलकं आहे आणि फेडर फार गुळगुळीत नाहीत, पण शिकताना त्याने काही अडत नाही. हेडफोनला ३.५ मिमीचं भोक आहे. जाड गुंडाळी वायरीचा हेडफोन जाडजूड अडॅप्टर लावून त्यात खुपसला तर तो सगळा भार त्या छोट्या सॉकेटवर येतो आणि काही महिन्यांत एक कान गप्प होतो. छोटी लवचिक जोडवायर लावावी, म्हणजे भार वायरीवर राहतो.

‘स्मार्ट फेडर’चं कौतुक जाहिरातीत भरपूर आहे. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) सरकवला की आवाज, बेस आणि टेम्पो तो स्वतःच जुळवत नेतो. १२४ बीपीएमची (मिनिटाला १२४ ठोके) दोन हाउस गाणी असतील तर छान. पण १२६च्या गाण्यातून ९८च्या लावणीत जायचं असेल तर टेम्पो ओढताणून तो जे करतो ते ऐकवत नाही. बटण बंद ठेवा आणि बेसची अदलाबदल हाताने करायला शिका. दोन गाण्यांचे लो एकाच वेळी उघडे न ठेवणं हे अर्धं मिक्सिंग आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न नेहमी येतो: रेकॉर्डबॉक्स की सेराटो? कंट्रोलर जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड, म्हणजे प्रत्यक्ष वाजवायचा भाग, पैसे न भरता उघडतो. सेराटोचं लाइट फुकट, प्रोचे पैसे वेगळे. पुढेमागे गोव्यात किंवा मुंबईत क्लबात वाजवायचा विचार असेल तर रेकॉर्डबॉक्सच घ्या, कारण तिथे बहुतेक सीडीजे असतात. घरी लावलेले क्यू (गाण्यातल्या खुणा) आणि ग्रिड (ठोक्यांच्या रेघा) पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करून तिथे जसेच्या तसे उघडता येतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, म्हणजे जुन्या यंत्रावरही अडणार नाही. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडी ठेवू नका. एकाने यंत्राचा ताबा घेतला की दुसरं मुकं होतं.

पहिल्या दिवशीची भानगड ठरलेली: दिवे लागले, पण लॅपटॉप यंत्राला ओळखत नाही. दहातली बरीच प्रकरणं केबलची निघतात. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. खोक्यातली केबल वापरा आणि ती थेट लॅपटॉपमध्ये लावा. माउस, पेनड्राइव्ह आणि कंट्रोलर एकाच स्वस्त हबवर टांगले तर वीज पुरत नाही आणि ऐन गाण्यात यंत्र दोन सेकंद बंद पडून परत येतं.

दुसरी भानगड: लॅपटॉपच्या स्पीकरमधून गाणं येतंय, हेडफोनमध्ये मात्र काहीच नाही. रेकॉर्डबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ उघडा आणि डिव्हाइस म्हणून डीडीजे-एफएलएक्स४ निवडा. सॅम्पल रेट ४४,१००. बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा तुकडा) ५१२वर ठेवलं तर उशीर साधारण ११.६ मिलिसेकंद, २५६वर ५.८. साध्या मिक्सिंगला ५१२ पुरतं. स्क्रॅच करायचं असेल तरच खाली उतरा. आवाजात टकटक-चरचर येऊ लागली की बफर वाढवा, पण आधी खरं कारण शोधा. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, वायफाय बंद. तरीही चरचर राहिली तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर खोळंबा करतोय ते नावानिशी दिसतं. बऱ्याचदा वायफायचाच निघतो. म्हणूनच स्ट्रीमिंगवरची गाणी कार्यक्रमात नकोत: नेटही लागतं आणि ती रेकॉर्डही होत नाहीत. गाणी डिस्कवर हवीत, ३२० केबीपीएसची. १२८ची फाइल मोबाइलवर खपते, मंडपातल्या मोठ्या टॉपवर (वरच्या स्पीकरवर) तिच्या झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात.

आता आपल्या गाण्यांबद्दल. परदेशी परीक्षणांत हा मुद्दा सापडणार नाही. जुनी कोळीगीतं, लावण्या, लोकगीतं वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, क्लिकवर (यंत्राच्या ठोक्यावर) नाहीत. गाणं १०४वर सुरू होतं आणि शेवटच्या कडव्यापर्यंत १०९वर पोचलेलं असतं. रेकॉर्डबॉक्सचं नेहमीचं विश्लेषण पूर्ण गाण्याला एकच टेम्पो धरतं. त्यामुळे सुरुवातीला ग्रिड अचूक बसतं आणि तिसऱ्या मिनिटाला ढोलकी एकीकडे, ग्रिडच्या रेघा दुसरीकडे. अशा गाण्यांसाठी प्रेफरन्सेस, अ‍ॅनालिसिसमध्ये ट्रॅक अ‍ॅनालिसिस मोड ‘डायनॅमिक’ करा आणि तेवढ्याच गाण्यांचं विश्लेषण पुन्हा चालवा. संगणकावर बनवलेल्या गाण्यांना ‘नॉर्मल’च ठेवा, नाहीतर सरळ ग्रिडमध्ये उगाच वळणं येतात.

सहा मात्रांच्या ठेक्याची गाणी आणखी फसवतात. यंत्र चारच्या हिशेबाने मोजायला जातं आणि बीपीएम भलताच दाखवतं, कधी दीडपट, कधी दुप्पट. दुप्पट किंवा निम्मा असेल तर ग्रिड एडिटमधल्या बटणांनी सुधारतो. दीडपट असेल तर सिंकच्या (टेम्पो आपोआप जुळवणाऱ्या बटणाच्या) नादी लागू नका. अशा गाण्याच्या पहिल्या समेवर हॉट क्यू (पॅडवरची खूण) टाका, मागचं गाणं कडव्याच्या शेवटी आणून फिल्टरने विरू द्या आणि सम सोडा. मंडपातल्या लोकांना ठेका तुटलेला कळत नाही. सिंकने ताणलेली ढोलकी मात्र शेवटच्या रांगेतल्या आजींनाही कळते.

आणि आता मागची बाजू. मास्टर आउटपुट म्हणून आरसीएची एक जोडी आहे, लाल आणि पांढरी. एक्सएलआर (व्यावसायिक तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी) नाही, बूथ आउट (डीजेजवळच्या स्पीकरचं आउटपुट) नाही. घरी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर लावायला हे पुरेसं आहे. पण आरसीए म्हणजे अनबॅलन्स्ड तार, वाटेतली घरघर काढून टाकता न येणारी. घरगुती उपकरणांची पातळी उणे १० डीबीव्ही धरली जाते, म्हणजे ०.३१६ व्होल्ट, व्यावसायिक साउंडची अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. जवळपास १२ डेसिबलचा फरक. तार लांबली की सिग्नल तेवढाच राहतो आणि वाटेतली घरघर त्यात मिसळत जाते. आरसीए तीन मीटरपर्यंत बिनघोर वापरा, पाच मीटर ही हद्द.

नेहमीचा अपघात असा. साउंडवाला विचारतो, ‘तुमच्याकडे जॅक आहे ना?’ आणि दुकानात सहज मिळणारी केबल पुढे येते: एका टोकाला दोन आरसीए, दुसऱ्या टोकाला एकच स्टिरिओ पाव इंची जॅक. तो जॅक मिक्सरच्या एका चॅनलच्या लाइन इनपुटमध्ये जातो. गाणं सुरू होतं, कोरस ऐकू येतो, गिटार ऐकू येते, गायिका मात्र गायब! बेसही गेलेला. सगळे लॅपटॉपवर फाइल तपासत बसतात. फाइलचा काही दोष नसतो. मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. जॅकच्या टोकावरच्या सिग्नलमधून ते रिंगवरचा (टोकामागच्या कड्यावरचा) सिग्नल वजा करतं. इथे टोकावर डावा चॅनल आहे, रिंगवर उजवा. गायन, किक, बेस दोन्हींत सारखेच असतात, म्हणून वजाबाकीत शून्य होतात. उरतं ते फक्त कडेचं. उपाय साधा: दोन आरसीए ते दोन स्वतंत्र मोनो जॅक अशी केबल घ्या आणि दोन वेगळ्या चॅनलमध्ये लावा, एकाचा पॅन पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. साउंड मोनो असेल तर दोन्ही पॅन मधे. वाय-केबलने डावा-उजवा थेट जोडून एक करू नका, दोन आउटपुट एकमेकांवर आपटतात.

मिक्सर पाच मीटरपेक्षा लांब असेल तर डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करणारी छोटी डबी) लागतोच. दोन चॅनलचा पॅसिव्ह घ्या, त्याला बॅटरी किंवा फॅंटम पॉवर (मिक्सरकडून तारेतून येणारी वीज) लागत नाही. कंट्रोलरपासून डीआयपर्यंत दीड मीटरची छोटी तार, तिथून पुढे वीस-तीस मीटर एक्सएलआर बिनधास्त. डीआयमधून निघणारा सिग्नल माइकच्या पातळीचा असतो, म्हणून तो मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये जातो, लाइनमध्ये नाही. हे ऑपरेटरला आधी सांगा, नाहीतर तो ‘लेव्हलच येत नाही’ म्हणून तुमच्या यंत्राला नावं ठेवेल.

हमिंगचं निदान करायला अर्धं मिनिट लागतं. गाणं थांबवा, लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढा. घूं आवाज थांबला तर अर्थिंगचा फेरा आहे: लॅपटॉपचं अर्थ एका बोर्डातून आणि अ‍ॅम्प्लिफायरचं दुसऱ्याच बोर्डातून येतंय, मधला प्रवाह आरसीएच्या जाळीतून वाहतोय. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरी राहिलं तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या तारेतलं अर्थ तोडणारं बटण) दाबा. चार्जर काढूनही घरघर तशीच असेल तर तार लाइटच्या वायरीला चिकटून गेलीय का ते पाहा, एलईडी पार दिव्यांचे डिमर फार त्रास देतात. तीन पिनांतली मोठी पिन तोडून हमिंग घालवणारे कारागीर प्रत्येक मंडपात भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात ती पिन जीव वाचवते.

लेव्हल लावताना उलट्या दिशेने जाऊ नका. आधी चॅनलचा फेडर पूर्ण वर, ईक्यू (हाय, मिड, लो) मधे, मग ट्रिमने लेव्हल अशी ठेवा की हिरव्यातून अधूनमधून नारिंगीला शिवेल. मास्टर साधारण एक-दोन वाजल्याच्या दिशेला. यापुढे मोठा आवाज हवा असेल तर तो मिक्सरवर वाढवायचा. इथे लाल दिसला की आवाजाची लाट वरून सपाट कापली गेलीच, पुढे कितीही कमी करा, टॉपच्या ट्वीटरला ती कापलेलीच मिळते. गर्दी वाढली की हात आपोआप मास्टरकडे जातो, तेवढा आवरायला हवा. चालू करताना कंट्रोलर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलटं केलंत तर यूएसबी काढताच जो ‘धप्प’ होतो तो बेसच्या कोनला सोसावा लागतो.

माइकचं इनपुट आहे, पाव इंची, डायनॅमिक माइकसाठी. कंडेन्सर चालणार नाही, फॅंटम पॉवरच नाही. घरगुती वाढदिवसाला ठीक. लग्नात निवेदकाचा माइक साउंडवाल्याच्या मिक्सरवरच द्या. इथे लावला तर तो गाण्यासोबत एकाच जोडीतून जातो, आणि शिट्टी मारायला लागला की ऑपरेटरला गाण्यासकट खाली घ्यावा लागतो.

महिन्यातून चार कार्यक्रम मंडपातच होणार असतील तर हर्क्युलिसचा इनपल्स ५०० बघून घ्या. त्याला आरसीएशिवाय पाव इंची आउटपुटही आहेत, तार लावणं बरंच सुटसुटीत होतं. मात्र क्लबाची मांडणी आणि रेकॉर्डबॉक्सचा मोफत परफॉर्मन्स मोड एफएलएक्स४कडेच. शिकायला एफएलएक्स४ घेऊन त्याच्या बजेटमध्ये डीआय आणि दोन चांगल्या केबली बसवणं जास्त शहाणपणाचं. केबली लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत बघा. पिनचं झाकण उघडून आत सोल्डर दाखवणाऱ्याकडूनच घ्या.

यंत्र घेताना भारतातली वॉरंटी बिलावर लिहून घ्या, ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्याला ती बहुधा नसते. आणि दुकानातच लॅपटॉपला जोडून तपासा. हेडफोन लावून प्रत्येक फेडर आणि नॉब पूर्ण फिरवा, खरखर येता कामा नये. दोन्ही जॉगच्या माथ्यावर आणि कडेला हात लावून बघा. सोळाही पॅड जोरात नाही, हलक्या बोटाने दाबा. एखादा दोनदा वाजला किंवा चुकला तर तो पीस परत ठेवा आणि दुसरं खोकं उघडायला सांगा.