बोअरवेलजवळचा सेप्टिक टँक: पाणी परत फिरवावं की लाकडाच्या ढलप्यांतून सोडावं?

इंदूरच्या काळ्या मातीखाली भेगाळलेला बेसाल्ट आहे. सांडपाण्यातलं नायट्रेट त्यातून बोअरवेलपर्यंत पोचू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि पाणी उकळून ते जात नाही.

टँकमधून नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात निघतो. म्हणून दोन्ही पर्यायांत आधी हवेशीर वाळू-खडीचा फिल्टर हवाच; तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. तो वगळला, तर ढलप्यांतूनही अमोनिया जसाच्या तसा बाहेर येतो. ही चूक सर्रास होते.

फेरप्रवाहात फिल्टरचं पाणी पंपाने पुन्हा टँकच्या पहिल्या कप्प्यात जातं. हवा नसताना नायट्रेटचा वायू करणाऱ्या जिवाणूंना तिथे मैल्यातला कार्बन आयता मिळतो. साधारण निम्मा नायट्रोजन वायू होऊन उडतो. पंप जास्त चालवला, तर पाण्यासोबत ऑक्सिजन शिरतो, गाळ ढवळतो आणि काम बिघडतं. वीज गेली की सगळंच थांबतं.

ढलप्यांचा खड्डा फिल्टरनंतर येतो; तिथे जिवाणूंना कार्बन लाकडातून मिळतो. तळाला जाड प्लॅस्टिक घाला, आणि बाहेरचा पाइप ढलप्यांच्या वरच्या थरापेक्षा थोडा उंच ठेवा, म्हणजे त्या कायम बुडालेल्या राहतील. भुसा नको, तो चोंदतो. सुरुवातीला पाणी तपकिरी येतं, ते ठीक. ढलप्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, पण नायट्रेट फेरप्रवाहापेक्षा बरंच जास्त निघतं. अंगणात जागा असेल आणि बोअर जवळ असेल, तर ढलप्याच घ्याव्यात.