एसएसडीचे पैसे घेतले, आत जुनीच डिस्क, फोंड्यातला अनुभव

मी फोंड्याला घरीच डीटीपी करते, म्हणजे काँप्युटरवर टाइप करून छपाईची पानं तयार करते. पत्रिका, आरत्यांची पुस्तकं, देवळातल्या उत्सवी नाटकांची हँडबिलं, कधी अख्खी संहिता टाइप करून देते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी कामाची गर्दी असते आणि नेमकं तेव्हाच काँप्युटरवरचं माझं अकाउंट लटकायला लागलं. पासवर्ड टाकला की सात-आठ मिनिटं नुसतं गोल फिरायचं, मग डेस्कटॉपवर आयकॉन एकेक करून यायचे, कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. पण त्याच काँप्युटरवर मुलाचं वेगळं अकाउंट आहे, ते एका मिनिटात चालू व्हायचं.

हे मी दुकानदाराला सांगितलं, दोनदा सांगितलं. त्याने नीट ऐकलंही नाही, "वयनी, डिस्क गेली ती, एसएसडी घालची पडटली" म्हणाला, म्हणजे जुनी फिरती डिस्क काढून नवीन प्रकारची फास्ट डिस्क घालावी लागेल, आणि सीपीयू ठेवून घेतला. तीन दिवसांनी ६८०० रुपये घेतले, बिल म्हणून साध्या पॅडवर "एसएसडी ४८० जीबी + सर्व्हिस" एवढंच लिहून दिलं. सीरियल नंबर नाही, वॉरंटी कार्ड नाही, जीएसटी नंबर नाही, जुनी डिस्कही परत दिली नाही. मी विचारली तर म्हणे ती भंगारात गेली. मला कामाची घाई होती म्हणून मी पुढे बोलले नाही, तिथे मी चुकले.

घरी आल्यावर काँप्युटर खरंच पळायला लागला. वॉलपेपर गेलेला, डेस्कटॉप रिकामा, व्हॉट्सअॅप परत लिंक करायला लागलं, पण मला वाटलं नवीन डिस्क आहे तर असं होणारच. सगळा जुना डेटा सी ड्राइव्हवरच एका फोल्डरमध्ये होता, तो मी डेस्कटॉपवर कॉपी केला, फॉन्ट परत टाकले. दहा दिवसांत परत तेच, गोल फिरतंय.

चवथीला पुण्याहून भाचा आला, तो आयटीत आहे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास, बांधून झाल्यावर बसला आणि पहिल्यांदा कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक केलं. तिथे डिस्कच्या खाली सरळ एचडीडी, म्हणजे जुनी फिरती डिस्क, असं लिहिलेलं होतं. एसएसडी असती तर तिथे एसएसडी लिहून येतं. मग त्याने साइडचं पॅनल उघडलं, आत जी डिस्क होती तिच्या स्टिकरवर निळ्या मार्करने "चवथ २०१८" असं ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं, घेतली तेव्हा ह्यांनीच लिहून ठेवलं होतं. मला अक्षरशः रडू आलं. पैशापेक्षा ह्याचं की मी जुन्या डिस्कचं विचारलं होतं आणि तो माणूस तोंडावर खोटं बोलला.

दुकानदाराने केलं होतं काय, तर माझ्या नावाचं नवीन अकाउंट बनवून दिलं होतं, बस. प्रोफाइल म्हणजे त्या अकाउंटच्या सगळ्या फाइली आणि सेटिंग्ज, नवीन प्रोफाइल रिकामं म्हणून फास्ट. जुनं प्रोफाइल युजर्स फोल्डरमध्ये तसंच पडून होतं, ११८ जीबी, आणि मी त्यातलंच बरंचसं परत कॉपी केल्यामुळे २५० जीबीच्या सी ड्राइव्हवर ६ जीबी जागा उरलेली. मुलाचं प्रोफाइल ३ जीबी. हा आकडा कोणालाही बघता येतो, स्टार्टमध्ये अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज शोधायचं, त्यात युजर प्रोफाइल्सच्या खालचं सेटिंग्ज दाबलं की प्रत्येक अकाउंटचा साइज येतो. नुसत्या मोठ्या साइजने अकाउंट स्लो होतंच असं नाही, पण माझ्या डेस्कटॉपवरच चार हजारच्या वर फाइली होत्या, कोरलचे बॅकअप, प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतात त्या लपलेल्या अॅपडेटा फोल्डरमधलं टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइली, गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फोटोंनी व्हॉट्सअॅपचं फोल्डर एकटं २७ जीबी, आणि लॉगिन झाल्याबरोबर चालू होणारे सात प्रोग्रॅम. जुन्या फिरत्या डिस्कला हे सगळं एकदम झेपत नाही.

भाच्याने आधी सगळ्या संहिता बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. डिस्क खरंच खराब आहे का तेही क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरने बघितलं, कारण कधीकधी नेमक्या आपल्या फाइलींच्या जागी डिस्क खराब असते आणि तेव्हाही एकच अकाउंट स्लो होऊ शकतं. हेल्थ गुड आली. मग टेम्प रिकामं, डेस्कटॉपच्या फाइली डी ड्राइव्हवर, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून नको ते बंद, आणि जुनं प्रोफाइल त्याच युजर प्रोफाइल्सच्या यादीतून डिलीट. युजर्समधला फोल्डर हाताने उडवू नका, विंडोजमध्ये त्या प्रोफाइलची नोंद तशीच राहते आणि पुढच्या लॉगिनला टेम्पररी प्रोफाइल येऊ शकतं. अॅपडेटा पूर्ण तर अजिबात उडवू नका. दोन तासांचं काम, खर्च शून्य.

म्हणून तुमचं एकच अकाउंट स्लो असेल तर दुकानात न्यायच्या आधी एक नवीन अकाउंट बनवून त्यात लॉगिन करून बघा. सीपीयू दुकानात द्यायलाच लागला तर आतल्या डिस्कच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, बिलावर नवीन पार्टचा सीरियल नंबर मागा, जुना पार्ट परत मागा.

मी बिल आणि मार्करच्या अक्षराचा फोटो घेऊन दुकानात गेले. आधी म्हणाला दुकानातल्या पोराने चुकून जुनी बसवली असेल, मग मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली तेव्हा ४००० परत दिले. उरलेले २८०० सर्व्हिसचे म्हणतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, त्यामुळे तिथला अर्ज मी लिहायला घेतलाय, फोटो जोडायचे बाकी आहेत.