118 दिवस जहाजावर: आतली केबिन आणि कपडे वाळवायची दोरी

क्रूझवरचं जेवण, शो आणि बंदरं यांच्याबद्दल भरपूर वाचायला मिळतं, म्हणून ते इथे थोडक्यात. चार महिने जहाजावर काढायचे तर रोजचा प्रश्न ओल्या कपड्यांचा असतो, आणि बुकिंग करताना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आतली, बिनखिडकीची केबिन साधारण 150 चौरस फुटांची असते. शॉवरच्या भिंतीवर एक गोल डबी असते. तिच्यातली दोरी ओढून समोरच्या खुंटीला अडकवायची. दोन ओले कुर्ते टाकले की या दोरीला झोल पडतो, दोन्ही कुर्ते मधोमध घसरून एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेल्या जागी दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. म्हणून एका वेळी तीन-चार हलके कपडेच, प्रत्येकाला दोन चिमटे आणि मध्ये चार बोटांचं अंतर. बडोद्याच्या मंगळबाजारातले साधे प्लास्टिकचे चिमटे पुरतात, दोन डझन न्या.

त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात पाणी बरंच राहतं. कोरड्या टॉवेलवर कपडा पसरायचा, टॉवेलसकट घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकून दाबायचं. यामुळे टेरिकॉटचा शर्ट रात्रभरात वाळतो. जाड सुती कुर्त्याला तरीही दीड दिवस लागतो. जीन्स घरीच ठेवा.

साबणाचं गणितही घरच्यापेक्षा वेगळं. जहाजावरचं पाणी बहुतेक समुद्राच्या पाण्यापासून तयार केलेलं, म्हणून मऊ असतं. बोअरच्या पाण्याच्या सवयीने पावडर टाकली तर फेस चार पाण्यांतही जात नाही, आणि कपड्यात राहिलेला साबण ओल धरून ठेवतो. घरच्या निम्मी पावडर पुरे. बंदरातून पाणी भरलं असेल तर थोडा फरक जाणवतो, तेव्हा हाताला लागेल तसं ठरवा.

आता नेफा. लेंगा असो, सलवार असो की परकर, बाकी सगळा कपडा खडखडीत वाळला तरी नेफ्यात ओल राहते, कारण तिथे कापड दुहेरी असतं आणि आत नाडी बोळ्यासारखी बसलेली असते. कपडा घडी करून कपाटात गेला की दोन दिवसांत सगळ्या कप्प्याला वास लागतो. धुण्याआधी नाडी काढा, ती वेगळी वाळवा, आणि नेफ्याच्या तोंडात पेन्सिल किंवा टूथब्रश आडवा घालून तो उघडा ठेवा. चार महिन्यांत या एका युक्तीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा महागड्या ट्रॅव्हल किटचा झाला नाही.

पहिल्या दोन महिन्यांत ठाम मत होतं की बाल्कनीची केबिन घेतली असती तर हा त्रास टळला असता. ते मत बदललं. बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई असते, कारण ते उडून जातात आणि आगीचा धोकाही असतो. शिवाय खाऱ्या हवेतलं मीठ कापडावर बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. पनामा कालवा ओलांडून पॅसिफिकच्या दमट पट्ट्यात शिरल्यावर बाहेरच्या हवेत कपडा वाळणं अवघडच. कोरडी हवा आत, एसीची असते. बाथरूमचा एक्झॉस्ट सतत चालू असतो, म्हणून दार एक वीतभर उघडं ठेवलं की केबिनमधली कोरडी हवा कपड्यांवरून खेचली जाते. बंद दारापेक्षा निम्म्या वेळात काम होतं. बडोद्यात विश्वामित्री नदी भरून वाहत असताना घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवलेल्यांना हा फरक लगेच कळेल.

जास्तीच्या कपड्यांसाठी चुंबकाचे हुक न्या, कारण केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. पाकिटावरचा 10 किलोचा आकडा सरळ बाहेर ओढण्याचा असतो. उभ्या भिंतीवर हुक खाली घसरतो, त्यामुळे तिथे दोन-तीन किलोच धरा. छतावरच्या स्प्रिंक्लरला हँगर कधीही अडकवू नका. आतली काचेची नळी फुटली तर अख्खी केबिन भिजते.

लाँड्रीबद्दल तक्रार आहे. एक पिशवी, ठरावीक दर, अशी योजना स्वस्त वाटते. पण सगळे कपडे एकत्र गरम पाण्यात धुतले जातात. दोन खादीचे कुर्ते आटून आले, आणि भरपाईची मर्यादा फॉर्मवर बारीक अक्षरांत छापलेली निघाली. पिशवीत फक्त चादरी, बनियन आणि टेरिकॉट द्या. स्वतः धुण्याची यंत्रं असलेलं जहाज मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तेच घ्या. यंत्रं बंदराच्या दिवशी सकाळी मोकळी असतात, समुद्रातल्या दिवशी रांग लागते. ड्रायर अर्धाच भरा आणि आधीचा कापूस जाळीतून काढा. इस्त्री तिथेच करायची, केबिनमध्ये इस्त्री आणि किटली दोन्हींना बहुतेक बंदी असते. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्डही जप्त होतो, कारण जहाजाच्या वीजव्यवस्थेला घरच्यासारखं अर्थिंग नसतं.

बाकीचं पटकन. खिडकी नसल्याने दिवस-रात्र कळत नाही, म्हणून टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून लावून ठेवा, पहाट कळते. पश्चिमेकडे जाताना बऱ्याच रात्री घड्याळ तासभर मागे जातं आणि दिवस 25 तासांचा होतो. आंतरराष्ट्रीय वाररेषेवर एक तारीख गाळली जाते, तेव्हा रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. टिप भाड्यात धरली आहे का ते विचारा. माणशी रोज 17 डॉलर लागले तरी 118 दिवसांचे 2,006 डॉलर होतात. लीलो चिवडा (बडोद्याचा बटाट्याचा ओलसर चिवडा) आणि भाकरवडी सीलबंद न्या आणि जहाजावरच खा. न्यूझीलंडमध्ये जोखमीचं खाणं न सांगता उतरवलं तर जागीच 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे.

शेवटचं धुणं उतरण्याच्या तीन दिवस आधी उरका. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात, आणि एक ओला नेफा बंद बॅगेत बडोद्यापर्यंत आला तर सगळे कपडे पुन्हा धुवावे लागतात.