जुन्या गाडीसाठी वन-वायर अल्टरनेटर: घ्यावा की नाही?

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा लुकासचा सी-४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो, आयडलिंगला तर जवळपास काहीच नाही. हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम लावले की बॅटरी उतरायला लागते. त्यापुढे अमेरिकन डेल्को कंपनीच्या १०एसआय धाटणीचा ६३ अँपिअरचा वन-वायर अल्टरनेटर नक्कीच उजवा. रेग्युलेटर (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) आतच असतो, त्यामुळे डायनामोचा बाहेर बसवलेला जुना कटआउट बॉक्स लागत नाही. ब्रॅकेट जुळवा, एक जाड वायर बॅटरीच्या प्लसला जोडा, अर्थ (बॉडीशी जोडणी) पक्की करा, झालं काम.

पण या सोयीची किंमत मोजावी लागते. बाहेरून एक्सायटेशन (रोटरला चुंबक बनवणारा सुरुवातीचा करंट) नसल्यामुळे हा अल्टरनेटर रोटरमध्ये उरलेल्या चुंबकत्वावर जागा होतो. गाडी सुरू केल्यावर एकदा रेस द्यावीच लागते. तोवर चार्जिंग शून्य. मोठी पुली असेल तर आणखी जास्त रेस लागते. शिवाय डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा निकामी होतो, म्हणजे बेल्ट तुटला तरी कळत नाही.

खरी गोम सेन्स वायर, म्हणजे बॅटरीवरचा व्होल्टेज रेग्युलेटरला कळवणारी वायर, नसण्यात आहे. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या स्टडवरचा (जाड वायर जोडायच्या बोल्टवरचा) व्होल्टेज बघतो, बॅटरीवरचा नाही. स्टडवर १४.२ आणि बॅटरीवर १३.५ असेल, तर अल्टरनेटर बदलून उपयोग नाही. इंजिन २००० आरपीएमवर, हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन स्टडवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर वायर बारीक आहे किंवा लग (वायरच्या टोकाची कडी) गंजलाय. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस, इथे ०.२ च्या आत हवं. डायनामोची जुनी वायर वापरूच नका, १६ चौरस मिलिमीटरची नवी ओढा आणि बॅटरीजवळ फ्यूज घाला. डॅशबोर्डवर ३० अँपिअरचा अमीटर असेल तर हा करंट त्यातून नेऊ नका. वायरिंग पेटू शकतं.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आधी मायनस अर्थ करून घ्या, नाहीतर बॅटरी जोडताक्षणी अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडतील.

माझं मत स्पष्ट आहे: याच बॉडीचा थ्री-वायर प्रकार घ्या. एक नंबरचं टर्मिनल दिव्याला, दोन नंबरचं बॅटरीच्या प्लसला. दोन वायरी जास्त ओढाव्या लागतात, पण दिवा चालतो आणि व्होल्टेज बॅटरीवरचा मोजला जातो. वन-वायर आधीच बसवला असेल तर अख्खा अल्टरनेटर बदलायची गरज नाही, आतला रेग्युलेटर बदलला की भागतं.