कोईच्या तळ्याचा फिल्टर: माझे ४६,५०० रुपये बुडाले, तुमचे वाचवा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात कोणी कोई माशांच्या (शोभेचे रंगीत मासे) तळ्याला फिल्टर बसवून देतो म्हणत आला, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझं तळं मळ्यातल्या घरापुढे, आठ हजार लिटरचं. मार्चमध्ये अशाच एका माणसाने तीन कप्प्यांचा फिल्टर बसवला. पंप ११,५००, फिटिंग ८,०००, बॅक्टेरियाची बाटली ४,२०० आणि 'इंपोर्टेड' सिरॅमिक रिंगा ६० किलो, ३८० रुपये किलोने २२,८००. सगळे यूपीआयने, त्याच्या स्वतःच्या नावावर. पक्कं बिल मागितलं तर "पाठवतो भाऊ".

रिंगा धुताना पाणी दुधासारखं पांढरं झालं. चौथ्या बादलीलाही तसंच! चांगल्या सिरॅमिकची धूळ दोन-तीन पाण्यांत जाते. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, हे विरघळतंय." तिथेच त्याला हाकलायला हवं होतं. तो म्हणाला, फॅक्टरीची पावडर आहे, आणि मी बायकोचं सोडून त्याचं ऐकलं. एक रिंग रात्रभर ग्लासात बुडवून ठेवली असती, तरी सकाळी कळलं असतं.

मी अडाणी नाही. पंचवीस वर्षं केळी लावतोय, ठिबकचा फिल्टर स्वतः उघडून धुतो. गाळ आधी अडवायचा, हे मला कोणी शिकवायला नको. तरी त्याने पहिल्या कप्प्यात रिंगा आणि शेवटी ब्रश लावले, तेव्हा मी गप्प बसलो. "बॅक्टेरियाला आधी खाद्य मिळायला पाहिजे," असं इतकं ठासून बोलला की वाटलं, माशांचं शास्त्र वेगळं असेल. वेगळं काही नाही. आधी ब्रश, मग जाड-बारीक स्पंज, मग रिंगा. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया रिंगांत वाढणारे बॅक्टेरिया संपवतात; रिंगांवर गाळ बसला की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि अमोनिया साचतो. त्यात आपला मे महिना. तापलेल्या पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी. चौदांपैकी अकरा मासे गेले, १,८०० रुपयांचा एक, म्हणजे १९,८०० वेगळे. कप्पा उघडला तर रिंगांचा नुसता चिखल. नव्या फिल्टरमध्ये पुरेसे बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात; त्याने दुसऱ्याच दिवशी सगळे मासे सोडायला लावले होते. अमोनियाचं टेस्ट किट आधी घ्या, मासे नंतर.

पोलिस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा, "मासे मेले म्हणून तक्रार?" असं म्हणून चौघं हसले. तिसऱ्यांदा, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. माणूस ६६,३०० रुपयांना बुडालाय आणि तुम्हाला हसू येतं? मोटार चोरीला गेली असती तर हसला असता का? आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. पण वकील पहिल्यांदा बिलच मागतो. म्हणून सांगतो, पक्क्या बिलाशिवाय रुपयाही देऊ नका.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा भाच्याच्या फोनवर त्याचं स्टेटस पाहिलं. कुठल्यातरी बंगल्यातलं नवं तळं, आणि पहिल्या कप्प्यात त्याच पांढऱ्या रिंगा.