माल्टा की क्रीट? एकाला वाळू हवी, दुसऱ्याला दगड

जोडप्यातल्या एकाला समुद्रकाठी लोळायचं असतं, दुसऱ्याला जुने दगड बघत भटकायचं असतं. अशांनी हॉटेलांचे फोटो बाजूला ठेवून आधी नकाशा उघडावा. माल्टा हा अख्खा देशच 316 चौरस किलोमीटरचा, मुंबईहूनही लहान. क्रीट हे ग्रीसचं बेट मात्र पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब.

माल्टात एकाने सकाळी राजधानी व्हॅलेटाच्या तटबंदीवर फिरावं, दुसऱ्याने पोहून यावं, जेवायला दोघं पुन्हा एकत्र. बस बहुतेक सगळीकडे जाते, इंग्रजी चालतं, गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात. हाल सफ्लिएनीचं भूमिगत दफनस्थान बघायचं असेल तर तिकीट खूप आधी काढा, दिवसाला मोजकीच माणसं आत सोडतात. वाळूचे किनारे मात्र थोडे. पोहायचं ते बरेचदा खडकावरून, शिडी धरून. वाळूप्रेमी इथे दुसऱ्याच दिवशी तोंड पाडतो.

क्रीटमध्ये वाळू भरपूर, एलाफोनिसी किनाऱ्याची तर गुलाबी छटेची. पण तिथून क्नोसॉसचा राजवाडा बघून परत यायचं म्हणजे दिवस गाडीतच गेला. समारियाची घळ 16 किलोमीटर उतरायची. गुडघे कुरकुरत असतील तर नादी लागू नका.

चार दिवसांची रजा असेल तर मी माल्टाच म्हणेन. दहा दिवस असतील तर क्रीट, आणि निम्मा मुक्काम हानिया शहरात: जुनं व्हेनिशियन बंदर दाराशी, समुद्रही चालत जाण्याजोगा.